जागा सर्व्हरची, झाडू कारकुनाच्या हाती

कार्यालयाचा मेल सर्व्हर भरत आला की संगणक विभागाकडून एक परिपत्रक निघते. त्याचा मसुदा सहकारी बँकेत, महाविद्यालयात आणि साखर कारखान्याच्या मुख्यालयात जवळजवळ एकच असतो. सर्व्हरवरची जागा संपत आली आहे, सर्वांनी आपापले जुने व अनावश्यक मेल आठवड्याभरात काढून टाकावेत, मुदतीनंतर खाते बंद पडल्यास विभाग जबाबदार राहणार नाही. मग आवक-जावक पाहणारा लिपिक, परीक्षा विभागातले सहायक, खरेदी विभागातल्या बाई, सगळे हातातले काम टाकून डिलीटची कळ दाबत बसतात. ‘अनावश्यक’ म्हणजे नेमके काय, हे परिपत्रकात कधीच लिहिलेले नसते.

या परिपत्रकामागे एक विचार आहे आणि तो मांडणारी माणसे काही अडाणी नाहीत. ज्याने जागा व्यापली त्याने ती मोकळी करावी, माणशी कोटा बांधून दिला की लोकांना शिस्त लागते आणि शिस्त लागली की सर्व्हर टिकतो, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला न्याय्य वाटते. पण डिस्कवर प्रत्यक्ष काय पडून असते हे पाहिले की हा विचार पहिल्याच बेरजेत कोसळतो. आणि तो राबवला की जागा फारशी वाचत नाही. नोंदी मात्र जातात, त्याही कोणी काही न ठरवता.

आधी बेरीजच करू. नुसता मजकूर असलेला मेल, त्याच्या माथ्यावरच्या तांत्रिक ओळी धरूनही, साधारण १० केबीचा धरा. एक जीबी जागा मोकळी करायला असे एक लाख मेल पुसावे लागतात. प्रत्येक मेल पाहून ठेवायचा की टाकायचा हे ठरवायला ३ सेकंद धरले, म्हणजे माणूस भलताच चपळ आहे असे धरले, तरी ८३ तास होतात. आठ तासांच्या दिवसाने दहा दिवसांहून अधिक पगारी वेळ, आणि हाती काय, तर एक जीबी. एवढ्या जागेचे डिस्कवरचे मोल बाजारात विचारून पाहावे आणि मग परिपत्रकावर सही करावी.

आता त्याच कार्यालयातला दुसरा प्रसंग घ्या. प्रशासन विभाग एक सूचना संगणकावर टाइप करतो, ती छापतो, तिच्यावर सही-शिक्का होतो आणि मग तोच कागद रंगीत स्कॅन करून ५ एमबीची पीडीएफ बनते. ही पीडीएफ ४०० जणांना मेलने जाते. जाताना ती फुगते, कारण ईमेलची वाहतूक मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली आहे. १९८२ साली या वाहतुकीचे एसएमटीपी नावाचे नियम ठरले तेव्हा सात बिटांची अक्षरे पुरेशी होती. १९९२ साली नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाचे मानक आणले, म्हणून मेलला चित्रे, ध्वनी, फायली जोडता येऊ लागल्या. पण त्यासाठी दर तीन बाइटांची चार अक्षरे करावी लागतात. या पद्धतीला बेस-६४ म्हणतात. दर ओळीच्या शेवटची चिन्हे धरली तर मूळ फाइल सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ५ एमबीची सूचना जवळजवळ ७ एमबीची झाली, आणि सर्व्हर ४०० वेगळ्या प्रती ठेवत असेल तर एका मिनिटात २.७ जीबी जागा गेली. कोणाच्या आळसामुळे? त्या ४०० जणांपैकी एकानेही काही केलेले नाही. तरी पुढच्या महिन्यात परिपत्रक त्यांच्याच नावाने निघणार, आणि बहुतेक तेही स्कॅन करूनच.

यावर संगणक विभागाचे उत्तर असते की कारण काहीही असो, लोकांनी पुसले तर जागा तरी सुटते. तीही सुटेलच असे नाही. मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या आयमॅप पद्धतीत मेल डिलीट केला की त्याच्यावर फक्त पुसल्याची खूण लागते. तो खरोखर काढण्याचा आदेश वेगळा असतो. बहुतेक प्रोग्रॅम तर मेल नुसता कचरापेटीत हलवतात. सर्व्हरच्या दृष्टीने तो एका फोल्डरातून दुसऱ्यात गेला, बस. त्याच्याही खाली साठवण्याची पद्धत असते. डव्हकॉट या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरमध्ये अनेक मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवण्याचा एमडीबॉक्स नावाचा प्रकार आहे. त्यात मेल काढला तरी व्यवस्थापकाने पर्ज ही साफसफाईची आज्ञा स्वतंत्रपणे चालवल्याशिवाय डिस्कवरची जागा सुटत नाही. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमध्ये पुसलेल्या मेलची जागा डेटाबेसच्या फाइलमध्येच रिकामी पडून राहते, नव्या मेलसाठी वापरली जाते, पण फाइलचा आकार आपोआप कमी होत नाही. म्हणजे चारशे जणांनी आठवडाभर मेल पुसले आणि आठवड्याअखेरीस डिस्कचा आकडा होता तिथेच, असे सहज घडते. मग दुसरे परिपत्रक निघते, पहिल्यापेक्षा कडक भाषेत. कर्मचारी ऐकत नाहीत, असा निष्कर्ष त्यातून निघतो आणि वरच्या साहेबांना तो पटतोही.

कधीकधी तर जागा संपलेलीच नसते. मेलडिर पद्धतीत एक मेल म्हणजे एक फाइल. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइल सिस्टिममध्ये किती फायली मावतील हे डिस्क तयार करतानाच ठरते. नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीमागे एक आयनोड, म्हणजे एका फाइलच्या नोंदीची जागा, मिळतो. मेल सरासरीने त्याहून लहान असतील तर आयनोड आधी संपतात, जागा शिल्लक राहते, आणि सर्व्हर मात्र जागा नसल्याचाच संदेश देतो. डीएफ ही आज्ञा ‘आय’ लावून चालवली की दुखणे दिसते. ती न चालवता चारशे जणांना कामाला लावणारा व्यवस्थापक मी पाहिला आहे. त्याला दोष देण्यापेक्षा त्याच्यावर इतर दहा कामे टाकणाऱ्यांना द्यावा.

मग काय, डिस्क स्वस्त आहे, घ्या आणि लावा? हा दुसरा पक्षही तितकाच हट्टी आहे. त्याला बळ मिळाले ते १ एप्रिल २००४ ला. त्या दिवशी गूगलने जीमेल आणले आणि एक जीबी जागा देऊ केली, जेव्हा हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी देत होते. तारखेमुळे अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. तेव्हापासून ‘पुसू नका, शोधा’ हा मंत्र झाला. पण गूगलला स्वतःला तो पेलला नाही. १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद साठवण बंद झाली. त्याच वर्षी विद्यापीठांना व शाळांना कळवले गेले की अमर्याद जागेऐवजी आता संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी मिळतील. ज्या संस्थांनी कधी हिशेबच ठेवला नव्हता त्यांना तो एकदम ठेवावा लागला.

आणि डिस्क स्वस्त असली तरी साठवण स्वस्त नसते. डिस्क बिघडली तर चालावे म्हणून तिची जोडी लागते, रोजचा बॅकअप लागतो, तो बॅकअप दुसऱ्या इमारतीत लागतो. सर्वांत महाग पडतो तो परत आणण्याचा वेळ. दोन टीबी मेल एक गिगाबिटच्या तारेवरून परत आणायला अगदी आदर्श स्थितीतही जवळजवळ साडेचार तास लागतात. त्या लाखो बारीक फायली असतील तर किती पट, ते त्या रात्री जागणाऱ्यालाच कळते. तेव्हा सर्व्हर हलका ठेवायला हवा, याबद्दल परिपत्रक काढणाऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते हलका कोणी करायचा यावर.

हे काम बरेचसे सर्व्हरच करू शकतो. बेस-६४ मुळे फुगलेली फाइल पुन्हा दाबता येते. जेपीईजी किंवा पीडीएफ आधीच दाबलेली असते, तिला आणखी दाबून काय मिळणार, असे व्यवस्थापक म्हणतात आणि सर्व्हरवरचे कॉम्प्रेशन सुरूच करत नाहीत. पण बेस-६४ मध्ये आठ बिटांच्या प्रत्येक अक्षरात सहाच बिट माहिती असते. जीझिपसारखी पद्धत ती उरलेली पोकळी बहुतांशी काढून टाकते. म्हणजे स्कॅन पीडीएफ मूळ ५ एमबीच्या जवळ परत येते, आणि साधा मजकूर तर त्याहून कितीतरी आकसतो. डव्हकॉटमध्ये ही सोय पूर्वीपासून आहे. वापरणाऱ्याला कळतही नाही, एकही मेल जात नाही, एकाही माणसाला जेवणाची सुट्टी सोडावी लागत नाही. जुने मेल दाबायचे तर ते एकदा नव्याने लिहून घ्यावे लागतात, ते काम एखाद्या रविवारी करावे लागेल. करावे.

तीच अटॅचमेंट चारशे वेळा ठेवण्याचेही कारण नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला सायरस सर्व्हर एकाच वेळी अनेकांना आलेला मेल, ती खाती एकाच विभाजनावर असतील तर, डिस्कवर एकदाच ठेवून बाकीच्यांना त्याची हार्ड लिंक देऊ शकतो. इथे माझे विरोधक एक्स्चेंजचा दाखला देतील, आणि तो खरा आहे. एक्स्चेंजमध्ये सुरुवातीपासून असलेली एकच प्रत ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०१० च्या आवृत्तीत स्वतःहून काढून टाकली. कारण विचारात घेण्यासारखे होते: एकच प्रत ठेवली की डिस्कची सुई इकडून तिकडे फार धावते, आणि त्यांना स्वस्त, संथ डिस्क वापरता याव्यात म्हणून एका माणसाचे मेल सलग ठेवायचे होते. पण दाखला अर्धाच देतात. त्याच आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने मेलचे मथळे आणि मजकूर दाबून ठेवायला सुरुवात केली, प्रत्येकाला वेगळी अर्काइव्ह पेटी देण्याची सोय केली आणि मुदतीनुसार मेल हलवण्याची, पुसण्याची धोरणे व्यवस्थापकाच्या हाती दिली. एक उपाय सोडला तर दुसरे त्यांनी सर्व्हरवरच केले. लिपिकाला पत्र पाठवले नाही.

कचरापेटीचेही तसेच. तीस दिवसांनी कचरा आणि स्पॅम आपोआप साफ व्हावा, एवढे एक वेळापत्रक लावले तर वर्षातून एकदा निघणारे परिपत्रक बऱ्याच कार्यालयांत निघणारच नाही. फक्त एक खोच आहे. साफसफाईची आज्ञा लिहिताना तीस दिवस मोजायचे ते मेल आला त्या तारखेपासून नव्हे, तर तो कचऱ्यात टाकला त्या तारखेपासून. डव्हकॉटमध्ये यासाठी दोन वेगळ्या अटी आहेत आणि घाईत चुकीची लिहिली जाते. मग कोणी तीन वर्षांपूर्वीचा करारनाम्याचा मेल चुकून काल कचऱ्यात टाकला असेल तर तो आज पहाटेच नाहीसा होतो. ज्या कामात नियम लावणाऱ्याचीही अशी गफलत होऊ शकते, तिथे नियमाशिवाय चारशे हात पुसायला बसवणे किती शहाणपणाचे?

कोट्याने शिस्त लागते म्हणतात, तर ती कशी लागते हेही पाहू. कोटा भरला की सर्व्हर येणारा मेल नाकारतो. डव्हकॉटची मूळ मांडणी अशी आहे की नकार तात्पुरता नसतो, कायमचा असतो. तात्पुरता असता तर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न केला असता. कायमच्या नकारात त्याच्याकडे इंग्रजीतला एक अगम्य परतीचा मेल जातो आणि प्रकरण संपते. निविदेचा खुलासा, विद्यार्थ्याचा अर्ज, पुरवठादाराचे बिल परत गेल्याचे कार्यालयाला कळतच नाही. हुशार कर्मचारी मग आपले मेल आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये उतरवून टेबलावरच्या संगणकात ठेवतो. सर्व्हरचा आकडा सुधारतो, विभाग खूश होतो. त्या संगणकाचा बॅकअप कोणी घेत नाही. त्यात रॅन्समवेअर शिरले किंवा तो कर्मचारी बदलून गेला की दहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. त्याहून हुशार असेल तो कार्यालयाचे काम आपल्या खासगी जीमेलवर आणि व्हॉट्सअॅपवर नेतो. आणखी एक गोष्ट. ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, येथे क्लिक करा’ हे पासवर्ड चोरणाऱ्यांचे नेहमीचे आमिष आहे. दर वर्षी तशाच भाषेत खरी सूचना पाठवून आपण आपल्याच माणसांना त्या गळाला लागायची सवय लावतो. एखादे खाते बिघडून रात्रीत लाखो मेल साठवू लागले तर बाकीचा सर्व्हर वाचावा, एवढ्यापुरता कोटा हवाच. त्यापलीकडे त्याच्याकडून कसली अपेक्षा ठेवू नये.

मध्येच पर्यावरणाचा मुद्दा येतो, त्याला दोन ओळी पुरेत. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडात पाण्याची टंचाई झाली तेव्हा तिथल्या सरकारी दुष्काळ गटाने नागरिकांना जुने ईमेल आणि फोटो पुसण्याचा सल्ला दिला, कारण डेटा सेंटरला पाणी लागते. त्याची भरपूर थट्टा झाली, ती योग्यच होती. स्वस्थ पडून असलेल्या मेलला जवळजवळ काहीच लागत नाही. तो शोधून, उघडून, पुसायलाच सर्व्हरला काम पडते.

आता मूळ आक्षेपाकडे. काय ठेवायचे आणि काय नष्ट करायचे हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कार्यालयांना नवा नाही. सरकारी दप्तरात कागदांचे वर्ग ठरलेले आहेत: अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षे, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. लिपिकाचे टेबल लावण्याच्या सहा गठ्ठे पद्धतीतही अभिलेखात पाठवायच्या आणि नष्ट करायच्या कागदांचे गठ्ठे वेगळे असतात. वर्ग ठरतो तो विषयावरून. कपाट किती भरले आहे यावरून कोणी अ वर्गातला कागद ड मध्ये टाकत नाही, आणि नाशाच्या यादीवर वरिष्ठाची सही लागते. कागदाच्या बाबतीत इतकी काळजी घेणारे तेच कार्यालय, तोच विषय मेलने आला की लिपिकाला म्हणते, तुम्हाला वाटेल ते पुसा. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकातून निघालेली सामग्रीही अभिलेखच मानली आहे, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. खासगी कंपनीचीही सुटका नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आणि त्यांची व्हाउचरे आठ वर्षे ठेवावी लागतात, जीएसटीच्या कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. आणि बिले हल्ली येतात कशी? मेलनेच.

अमेरिकेने हा गुंता सोडवला तो मेल वाचून नव्हे. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये कॅपस्टोन नावाची पद्धत आणली. त्यात प्रत्येक मेलचे वर्गीकरण होत नाही. खाते कोणत्या पदाचे आहे एवढे पाहतात. वरच्या पदांचे मेल कायम, बाकीच्यांचे ठरलेल्या मुदतीपर्यंत. आपल्या अ-ब-क-ड चेच हे भावंड, फक्त विषयाऐवजी खुर्चीवर बेतलेले. सर्व्हरला हा नियम एकदा सांगता येतो आणि तो पाळतो. कुलसचिवाचे खाते आणि वसतिगृहाच्या सूचनांचे खाते यांना एकच कोटा आणि एकच परिपत्रक लावण्यात कुठले व्यवस्थापन आले?

यावर काही वकील म्हणतात, जितके कमी ठेवाल तितके कोर्टात कमी अडकाल. न्यूयॉर्कच्या झुबुलाके विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्यात हे उलटे घडले. कंपनीच्या लोकांनी संबंधित ईमेल पुसले होते, त्यातले काही बॅकअपच्या टेपांवर सापडले. पुसलेले मेल कंपनीच्या विरोधात जाणारे होते असे मानण्याची मुभा न्यायाधीशांनी ज्यूरीला दिली, आणि २००५ साली ज्यूरीने २.९ कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. आपल्याकडे जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ठरवले की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत ते उपकरण सांभाळणाऱ्याचे प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. सर्व्हरवरच्या मेलसाठी हे प्रमाणपत्र व्यवस्थापक देऊ शकतो. कोट्याच्या धाकाने कोणा निवृत्त सहायकाच्या संगणकात गेलेल्या पीएसटी फाइलसाठी कोण देणार?

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा काम संपल्यावर माहिती पुसायला सांगतो, हे खरे. पण तो हेतू संपल्यावर पुसा म्हणतो, डिस्क ९० टक्के भरल्यावर नव्हे. त्यासाठीही नियम, मुदत आणि कोणाची तरी सही लागणारच.

तेव्हा पुढचे परिपत्रक काढण्याआधी विभागाने एक साधा तक्ता करावा: सर्वांत मोठी वीस खाती, प्रत्येकात अटॅचमेंटचा वाटा किती, कचरापेटीत किती, सोडून गेलेल्या माणसांची किती खाती अजून मेल घेत आहेत. तासाभराचे काम आहे. त्यात खरेदी विभागातल्या बाईंचे नाव पहिल्या पानावर येण्याची शक्यता कमी. यंत्रांनी दर पाच मिनिटांनी पाठवलेल्या आणि कोणीही कधी न उघडलेल्या सूचना ज्यात साचतात, ते संगणक विभागाचेच एखादे खाते वरच्या दोन-तीनांत असण्याची शक्यता पुष्कळ.